अकरावी विहीर

यंदा पालीच्या धरणाचा तळ पुन्हा उघडा पडला. बीडहून मांजरसुंब्याकडे जाताना तो रस्त्यावरून दिसतो. गेल्या आठवड्यात मी एसटीत खिडकीशी बसलो होतो. आधी पाण्याचं लहानसं डबकं दिसलं, मग त्याच्या भोवतीची पांढुरकी, भेगाळलेली जमीन, आणि माझा उजवा हात आपोआप शर्टाच्या खिशाकडे गेला. खिशात स्टॉपवॉच नव्हतं. ते बंद पडूनही बरीच वर्षं झाली. तरी अंगठा दाबला गेला आणि मी मनात एक, दोन, तीन असं नऊपर्यंत मोजलं.

शेजारच्या बाई म्हणाल्या, "भाऊ, बरं वाटत न्हाई का?"

"काही नाही," मी म्हणालो. "सवय आहे."

दुष्काळ म्हटलं की आमच्या जिल्ह्यात लोकांना टँकर आठवतो, घागरींची रांग आठवते. मलाही आठवते. पण त्या एका उन्हाळ्याचा दुष्काळ माझ्या कानात गाडीच्या आवाजासारखा राहिला आहे. आवाज चढत जातो, मातीच्या उंचवट्यामागे जातो, दबतो, आणि नऊ सेकंदांनी पुन्हा बाहेर येतो. त्या नऊ सेकंदांत गाडी दिसत नसे, नुसती धूळ दिसे. गाडीत माझा धाकटा भाऊ दत्ता असे.

मी सहकारी साखर कारखान्यात टाइमकीपर होतो. कोण किती वाजता आलं, कोण किती वाजता गेलं, हे लिहिणं माझं काम. त्या वर्षी ऊसच नव्हता म्हणून गळीत हंगाम झाला नाही. तोडणीवाले दर वर्षीसारखे बिऱ्हाड बांधून दूर गेले, पण वर्कशॉपच्या माणसांना जायला जागा नव्हती. ती सकाळी आठला येत, सही करत आणि लिंबाखाली बसत. ज्या आवारात हंगामात एकमेकांचं बोलणं ऐकू येत नसे, तिथं कावळ्याचं ओरडणं ऐकू येई. मळीचा वाससुद्धा विरून गेला होता. हजेरीपटावर सगळे हजर आणि काम शून्य, हे दोन रकाने शेजारी शेजारी लिहिताना माझं बोट अडखळायचं.

त्याच लिंबाखाली चेअरमनसाहेबांची जुनी पांढरी अँबॅसिडर निकामी म्हणून उभी होती. टपावर लाल दिव्याच्या जागी चार भोकं आणि आत पाखरांची घरटी. ती कारखान्यानं भंगारात काढली तेव्हा आम्ही चौघांनी मिळून घेतली. दत्ता वाहन विभागात मेकॅनिक. इस्माईलभाई गेवराईचे, इंजिनाचं काम त्यांचं. भगवान दिंद्रुडचा, वेल्डर. आणि मी, ज्याला गाडी चालवताही येत नव्हती. नगरच्या बाजूला एका माळावर मातीवरच्या मोटारशर्यती होणार असल्याचं पत्रक दत्ताला कुठंतरी मिळालं होतं. घरच्या वापराच्या गाड्या, थोड्या दुरुस्त केलेल्या, एका फेऱ्यात धावणार. पत्रक घामानं मऊ झालं तरी तो ते खिशात घेऊन फिरे.

आम्ही सगळे सहकारात वाढलेले. सभा, कोरम, सूचक, अनुमोदक, ठराव, या गोष्टी अंगात भिनलेल्या. त्यामुळे रेसिंग टीम काढली ती सोसायटीसारखी. सभासद चार, कोरम तीन, चिटणीस मी. एक वही केली. मागच्या सीट काढून टाकणे, ठराव एक. बॉयलरच्या जुन्या पाइपांचा पिंजरा आत वेल्ड करणे, ठराव दोन. ऊस वाहून नेणाऱ्या पट्ट्याचा रबरी तुकडा कापून चालकाला बांधायचा पट्टा करणे, ठराव तीन. भागभांडवल म्हणून प्रत्येकानं रोज घरून एक बाटली पाणी आणायचं, हा ठराव चार. रेडिएटरला पाणी लागतं, आणि त्या उन्हाळ्यात कुठल्याही नळाला ते मागायची लाज वाटत होती. घरी आमच्या माठात किती तांबे आहेत ते मला माहीत असे. सुमन, माझी बायको, बाटली भरून देताना पाणी बुचाशी आलं की धार बारीक करी.

सरावाला जागा शोधताना धरण सापडलं. एवढी मोठी सपाट जमीन जिल्ह्यात दुसरी नव्हती आणि ती कुणाची वहिवाटीची नव्हती. कडेच्या ओलसर पट्ट्यात कुणी गाळपेर करून टरबुजं लावली होती, तीही वेलावरच सुकलेली. आत गेलं की पायाखाली शिंपले कुरकुरत. भेगांत लहान माशांचे काटे अडकलेले. माती वरून राखेसारखी, पण चाकानं खरवडली की खालून काळी निघे आणि तिला तळ्याचा जुना वास येई. मधेच एखाद्या बुडालेल्या शेताचा बांध, एखाद्या बाभळीचा बुंधा. आणि विहिरी. धरण होण्याआधी ही सगळी बागायत होती.

दगडी बांधणीच्या त्या विहिरी गाळानं भरलेल्या होत्या. काठाचे दगड तेवढे वर दिसत. गाळ वरून वाळून टणक वाटतो, पण आत कितीतरी हात मऊच असतो. एका विहिरीत भगवाननं बांबू खुपसून पाहिला तर तो हातातून सुटून गेला. म्हणून मी पहिल्या दिवशी विहिरी मोजल्या, प्रत्येकीशी काठी रोवली आणि काठीला खताच्या पोत्याची पांढरी चिंधी बांधली. दहा भरल्या. कारखान्यातली मोजायची फीत घेऊन फेरा आखला, तेराशे चाळीस मीटर, सगळ्या काठ्यांपासून किमान वीस मीटर दूर.

काम चोख झालं असं मला वाटलं. तरी सराव सुरू झाल्यावर काही दिवसांनी, खात्री करावी म्हणून मी पालीत बप्पांकडे गेलो. बप्पांचं रान धरणात गेलेलं. ऐंशीच्या घरातले, दृष्टी अधू झालेली, घरापुढच्या दगडी ओट्यावर दिवसभर बसलेले असत.

"बप्पा, धरणात विहिरी किती होत्या?"

त्यांनी बोटांवर मोजल्या. प्रत्येकीचं नाव घेत होते, माणसाचं घ्यावं तसं. "अकरा," ते म्हणाले.

"मला दहा सापडल्या."

"मंग माझी राहिली आसंल." ते हसले आणि बसल्या जागी ओट्यावर हात थोपटला. "तिचे दगड हे काय. पाणी चढायच्या आदी मीच काढून आणलते. उगंच बुडवायचे कावून? आता तिला काठ न्हाई, तुला कुठनं दिसंल?"

"कुठं होती ती?"

"आसं सांगून न्हाई उमजायचं. झाडं गेली, बांद गेले. मला गाडीत घालून न्या. पायाला उमजंल. दावतो."

मी परत आलो. त्या संध्याकाळी सभा भरली, गाडीच्या बॉनेटभोवती. शर्यतीला बारा दिवस उरले होते. बप्पांना आणलं आणि विहीर फेऱ्यात निघाली, तर फेरा मोडायचा, नवा आखायचा, दत्तानं वळणं पुन्हा शिकायची. शिवाय कडेच्या चारा छावणीतून रोज तक्रार येत होती. एक बाई जनावरांपुढं पेंढी सोडता सोडता आमच्यावर ओरडली होती, "प्यायला पानी न्हाई आन तुमाला गाड्या उडवायचं सुचतंय! समदा धुराळा वैरणीवर बसतोय!" तिचं खरं होतं. छावणीच्या बाजूनं फेरा नेणं शक्य नव्हतं. तळात दुसरी सोयीची जागा नव्हती.

भगवान म्हणाला, "बप्पाचं वय झालंय बे. दोन डाव मोजली आसंल एखादी."

दत्ता म्हणाला, "दोनशे फेऱ्या मारल्यात मी. आसती तर घावली नसती का?"

मी म्हणालो, "ती घावणं म्हणजे काय, कळतंय का तुला?"

मग भगवाननं, सवयीनं, म्हणजे कारखान्याच्या सभेत वाद चिघळला की कुणीतरी करतं तसं, म्हटलं, "मतदान घ्या."

बॉनेटवर आडवे झालेले इस्माईलभाई उठून बसले. "अमां, बावली पे वोटिंग कर रहे तुम लोगां? ज़मीन के नीचे की चीज़ पे?"

पण मतदान झालं. वहीत माझ्या अक्षरात ते आजही आहे. ठराव क्रमांक सात. धरणाच्या तळात विहिरी दहा आहेत. सूचक, भगवान. अनुमोदक, दत्ता. इस्माईलभाईंनी आभाळाकडे पाहिलं आणि हात वर केला. "लिखो. मेरा भी लिखो." मग तिघं माझ्याकडे पाहू लागले. मी आयुष्यात खात्री नसलेला आकडा कधी लिहिला नव्हता. मी हात वर केला. सर्वानुमते मंजूर.

घरी गेलो तेव्हा सुमन ज्वारी निवडत होती. मी तिला सगळं सांगितलं. ती म्हणाली, "मग अकरावी कुठं गेली?"

"ठराव झालाय," मी म्हणालो.

तिनं सुपातला एक खडा उचलून बाजूला टाकला आणि पुन्हा मान खाली घातली.

पुढचे बारा दिवस मी नऊपर्यंत मोजत राहिलो. उंचवट्यामागचं वळण तेवढं मला दिसत नसे आणि माझ्या मनानं अकरावी विहीर नेमकी तिथंच नेऊन ठेवली होती. बप्पांना आणायला इस्माईलभाईंची जीप होती, अर्ध्या तासाचं काम. मला एकट्यालाही जाता आलं असतं. रोज सकाळी बाटली भरताना मी ठरवायचो, आज. मग धरणावर पोचलो की दत्ता पट्टा बांधून तयार असे आणि मला वाटे, एवढा आजचा दिवस होऊ दे.

काळजी लपवायला मी आकड्यांत तोंड खुपसलं. वहीत चार रकाने होते. फेरी, वेळ, फरक, कारण. फेरी एक मिनिट बावीस सेकंदांच्या आसपास बसे. पैकी उंचवट्यामागं नऊ. मी फीत लावून वळणाचा हिशेब केला आणि दत्ताला सांगितलं, "तिथं तू गाडी फार बाहेरून घेतोस. हातभर आत घे. साडेआठ होतील. अर्धा सेकंद वाचेल."

"बघतो," तो म्हणाला.

नऊच आले. दुसऱ्या दिवशी पुन्हा सांगितलं. नऊच. तिसऱ्या दिवशी मी चिडलो. "सगळी वळणं आतून घेतोस, हेच एक बाहेरून का?"

"तिथं तसंच बरं पडतंय, दादा."

"बरं म्हणजे काय? आकडा दाखव."

त्यानं हेल्मेट डोक्यावर चढवलं. मी कारणाच्या रकान्यात लिहिलं, चालकाचा हेकटपणा. पुढं रोज तेच लिहिलं. शब्द लांब म्हणून नंतर नुसतं 'च. हे.' लिहू लागलो.

शर्यतीचं फार सांगण्यासारखं नाही. माळावर चौदा गाड्या होत्या. बहुतेकांकडे दोन दोन हेल्मेटं, चकचकीत कपडे, टायरांचा जादा जोड. आमच्या गाडीच्या टपावरची ती चार भोकं बघून कुणीतरी विचारलं, "ही कुणा पुढाऱ्याची का?" इस्माईलभाई म्हणाले, "थी. अब दौड़ती." दत्ता सातवा आला. सहावा त्याच्या पुढं अर्ध्या सेकंदानं होता. मी स्टॉपवॉच दोनदा तपासलं. अर्धा सेकंद. येताना जीपमध्ये सगळे हसत होते, भगवान गाणं म्हणत होता आणि मी म्हणालो, "हातभर आत घ्यायची सवय असती तर आज सहावे असतो." दत्ता खिडकीबाहेर बघत राहिला. माळामागून माळ जात होते, एकावरही हिरवं पान नव्हतं.

दुसऱ्या शर्यतीत आमच्या गाडीचा मागचा आस तुटला. तेवढाच आमच्या टीमचा इतिहास, एका उन्हाळ्याचा. पुढच्या वर्षी धरण भरलं, ऊस उभा राहिला, कारखान्याचा भोंगा वाजला आणि हजेरीपटातले दोन रकाने पुन्हा जुळले. अँबॅसिडर दिंद्रुडला भगवानच्या घरामागं गेली. तिच्यात आता कोंबड्या असतात. इस्माईलभाई मुलाकडे हैदराबादला राहतात. बप्पा त्याच पावसाळ्यात गेले. मी मातीला गेलो होतो. त्यांच्या ओट्यावर माणसं बसली होती, मी उभा राहिलो.

दत्तात आणि माझ्यात तो अर्धा सेकंद मात्र राहिला. भांडण असं नाही. दिवाळीला, लग्नकार्यात, कुठंही गाड्यांचा विषय निघाला की मी ते वाक्य बोलायचो आणि तो म्हणायचा, "आसंल दादा." त्याच्या 'आसंल'चा मला राग यायचा. चूक असेल तर माणसानं कबूल करावी, नसेल तर आकडा द्यावा. आणि तरीही, त्याला फोन लागला नाही, मोटारसायकलवरून यायला उशीर झाला, की मी नऊपर्यंत मोजतो. नऊ झाले की पुन्हा एकपासून.

त्या दिवशी एसटीतून मला आणखी एक गोष्ट दिसली होती. तळात गाळ काढायला मशिनं उतरली होती. एक पिवळं मशिन, सात-आठ ट्रॅक्टर. शेतकरी गाळ नेतात, रानात टाकतात. चांगलं काम आहे. घरी येऊन मी सुमनला सांगितलं, तेव्हा ती भाकरी थापत होती. थापता थापता तिचा हात थांबला.

"त्या मशिनवाल्याला म्हाईतीय का?" ती म्हणाली.

मी वही शोधली आणि दत्ताला फोन केला. तो केजला निघाला होता, परत फिरला. दुसऱ्या दिवशी सकाळी नऊला आम्ही तळात होतो. तोच वास, तेच शिंपले. मशिनवर बसलेला माणूस तिशीतला असेल, डोक्याला ओला रुमाल.

मी त्याला म्हणालो, "इथं दहा विहिरी दिसतात. अकरावी आहे. तिला काठ नाही."

"काका, गाळ काढायचा नकाशा हाय माझ्याकडं. त्याच्यात न्हाई तसं काही. तुमच्याकडं कागद हाय का?"

माझ्याकडे कागद होता. काखेत वही होती आणि तिच्यात सही-शिक्क्याच्या थाटात लिहिलं होतं की विहिरी दहा आहेत. खाली चिटणीस म्हणून माझी सही. एवढ्या वर्षांत मला वाटत आलं होतं की ठराव ही आम्हा चौघांपुरती गोष्ट आहे.

"कागद चुकीचा आहे," मी म्हणालो. "मीच लिहिलाय."

मग त्यानं मशिन बंद केलं. "आमचा नाष्टा व्हायचाय. तवर बघा काय बघायचं ते."

मी वहीतला नकाशा उघडला, फीत काढली आणि दहाव्या विहिरीच्या दगडाला तिचं टोक लावलं. उंचवट्यापर्यंत अंतर घ्यायचं, मग वळणाची रेघ, मग दोन्ही बाजूंना पाच-पाच मीटर पहारेनं ठोकत जायचं, असा माझा बेत होता. दत्तानं पहार खांद्यावर घेतली होती. मी आकडा लिहायला खाली वाकलो, वर पाहिलं तर तो सरळ चालत उंचवट्याला वळसा घालून दिसेनासा झालेला. मी मोजायला लागलो. पाचावर असताना हाक आली.

"दादा, हिकडं ये. संबाळून. माझ्या पावलावर पाऊल टाक."

तो उभा होता तिथं जमीन इतर जमिनीसारखीच होती. भेगा जरा गोल फिरल्यासारख्या, एवढंच. त्यानं हात लांब करून पहार समोर उभी धरली आणि सोडली. आवाज झाला नाही. पहार उभीच्या उभी आत गेली, आणि तिच्यामागं परातीएवढं मातीचं झाकण आत बसलं. त्या भोकातून थंड वास आला.

मशिनवाला हातात भाकरी घेऊन धावत आला. त्यानं भोक बघितलं, मग आपलं मशिन बघितलं. "जेवणानंतर ह्याच अंगाला लागणार व्हतो मी," तो म्हणाला. आणि मग एवढंच, "काका."

बाभळीच्या फांद्या आणून आम्ही तिघांनी भोवती काटेरी कुंपण घातलं. काठी रोवली. चिंधी म्हणून मशिनवाल्यानं आपला रुमाल दिला.

मी फीत लावली. दत्ता गाडी घ्यायचा ती रेघ त्या गोल भेगांच्या कडेपासून हातभर बाहेरून जात होती. मी पुन्हा मोजलं. हातभर.

"तुला ठाऊक होतं," मी म्हणालो.

"विहीर म्हणून न्हाई." दत्ता खाली बसून तळहातावरची माती झाडत होता. "तिथं आलं की गाडीचा आवाज बदलायचा. पोकळ यायचा. जरा आत घेतली की जास्ती. म्हणून बाहेरून काढायचो."

"मला का नाही सांगितलंस?"

"तू त्याच घडीला शर्यत बंद केली आसतीस."

ते खरं होतं. आणि मी बप्पांना आणलं नाही, त्याचंही कारण तेच होतं. म्हणजे एकाच भीतीपोटी आम्ही दोघं भाऊ, एक आत बसून आणि एक बाहेर उभा राहून, गप्प होतो. फरक एवढाच की तो गप्प राहून गाडी हातभर बाहेर घेत होता आणि मी त्याला रोज आत ढकलत होतो, फीत लावून, आकड्यासकट.

मला त्याला काहीतरी म्हणायचं होतं. तो म्हणाला, "चल, वहिनीनं भाकरी दिली आसंल ना बांधून?"

हजेरीपटात चूक दुरुस्त करायची आमच्याकडे एक रीत आहे. खोडायचं नाही, गिरवायचं नाही. चुकीच्या मजकुरावर एकच आडवी रेघ मारायची, अशी की खालचं अक्षर वाचता यावं. वर बरोबर मजकूर लिहायचा आणि शेजारी आद्याक्षरं करायची. काल दुपारी मी वही घेऊन बसलो. ठराव सात आधी दुरुस्त केला. मग फेऱ्यांची पानं काढली. जिथं जिथं 'च. हे.' होतं तिथं रेघ मारली आणि वर लिहिलं, अकरावी विहीर. पहिल्या पानावर तीन ठिकाणी, दुसऱ्यावर चौदा. सुमन चहा ठेवून गेली, तो गार झाला. अजून नऊ पानं राहिली आहेत.